हातात दोर असलेला घोडेस्वार

मी एक घोडेस्वार बोलतोय. लढाईवरचा नव्हे. माझ्याकडं तलवार नाही, बंदूक नाही. हातात दोर आहे, डोक्यावर रुंद काठाची टोपी आहे, आणि डाव्या खांद्यावर सध्या एक डाग आहे. त्या डागापायीच मला वस्तीवरच्या दगडी कठड्यावर उन्हात बसवलंय. उन्हात बसलं की बोलावंसं वाटतं, म्हणून बोलतो.

माझी उंची एक वीत आणि चार बोटं. मी मूळचा चीनमधल्या कुठल्याशा कारखान्यातला. तिथं एका साच्यातून माझ्यासारखे ढिगानं निघाले. सगळ्यांना एकच गुलाबी चेहरा, एकच हसू, कमरेला दोन-दोन पिस्तुलं. खोक्यावर आमचं नाव काऊबॉय असं छापलेलं होतं. कुणीतरी मला वाढदिवसाला दिलं. ज्या पोराला दिलं, त्यानं पहिल्याच आठवड्यात माझा एक बूट गटारात घातला आणि पुढं मला विसरून गेलं. त्याच्यावर माझा राग नाही. लहान पोरं अशीच असतात. मोठी माणसं विसरतात तेव्हा मात्र लागतं.

भंगाराच्या पोत्यातून मी संभाजीनगरात जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात आलो. जुने चार्जर, पंख्याची पाती, एका बाजूनं झिजलेल्या चपला, त्यात मी. तिथं बद्रीनं मला उचललं.

"याला बूट एकच हाय," तो विकणाऱ्याला म्हणाला.

"घोडे पे बैठनेवाले को बूट क्या करना, भाई? ले जाव."

"घोडा कुठंय?"

"घोडा तुम बनाव. सब मैंच देऊं क्या?"

बद्री हसला आणि मला खिशात घालून घेऊन आला. घोडा मात्र त्यानं खरंच केला. ते पुढं सांगतो.

बद्रीनाथ हे त्याचं पूर्ण नाव. वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर कामाला होता. रांजणगावात एका खोलीत राहायचा, सोबत धाकटा भाऊ हनुमान. आईबाप पिशोरजवळच्या वस्तीवर मेंढरं घेऊन. हनुमान आठवीपर्यंत शिकला. मास्तर सगळ्यांसमोर काहीतरी लागेल असं बोलले, तर हा दप्तर तिथंच टाकून घरी आला, तो परत गेलाच नाही. आता टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा. त्याचा हात आधी चालायचा आणि डोकं मागून यायचं. पण बद्रीनं 'बस' म्हटलं की बसायचा.

खोलीत एक फळी होती आणि फळीवर माझ्यासारखे आणखी काहीजण होते. एक म्हातारा स्वयंपाकी होता, त्याच्याजवळ पळी आणि काळवंडलेलं कॉफीचं भांडं. एक मेक्सिकोचा होता, एक काळ्या वर्णाचा. सगळ्यांना बद्रीनं बाजारातून नाहीतर दुसऱ्या हौशी लोकांकडून आणलं होतं, आणि सगळ्यांचे कपडे उतरवून नव्यानं शिवले होते. शेजारचा कचरू यायचा आणि म्हणायचा, "झाला का बाहुलीला परकर?" बद्री वर न बघता म्हणायचा, "तुझ्या मापाचा पण शिवतो, थांब."

बद्रीला हा नाद सिनेमे बघून लागला. पण नंतर त्यानं मोबाईलवर त्या काळचे खरे फोटो हुडकले. दोन बोटांनी ताणून ताणून तो ते बघायचा. बघता बघता त्याच्या ध्यानात आलं की सिनेमातली माणसं वेगळी आणि फोटोतली वेगळी. फोटोतले गडी मळलेले, उन्हानं रापलेले, थकलेले होते. आणि ते हिरो नव्हते. ते गुरं राखत होते.

"हणम्या, हे बघ," तो म्हणाला होता. "हे आपल्यासारखेच हायत रं. गुरं हाकत मैनोनमैने रानात. मागं धूळ, पुढं पाणी कुठंय त्याचा पत्ता नाय."

"मग पिस्तूल कशाला राहतं त्यांना?"

"सिनेमावाल्यांनी दिलं जास्तीचं. गुरामागं पळताना वजनच नुसतं."

त्यानं माझी दोन्ही पिस्तुलं काढली आणि बिस्किटाच्या डब्यात टाकून दिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा मोकळं वाटलं.

मग माझं नवं अंग सुरू झालं. बद्रीनं माझं साल ठरवलं, अठराशे पंच्याहत्तर. त्या सालापर्यंत जगात जे आलं नव्हतं, ते माझ्या अंगावर यायचं नाही, असा त्याचा नियम. पँटीला पट्टा घालायच्या पट्ट्या नकोत, कारण तेव्हा गॅलिस, म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे, लावायचे. सदरा डोक्यातून घालायचा, गुंड्या छातीपर्यंतच. गुंड्या नारळाच्या करवंटीच्या, मसुराच्या डाळीएवढ्या. गळ्यात धुळीसाठी रुमाल. बुटाची टाच उंच, म्हणजे पाय रिकिबीतून पुढं निसटत नाही.

हनुमान दुकानातून येताना काहीतरी आणायचा आणि हौसेनं पुढं करायचा.

"ही चेन लाव त्याच्या पँटीला. बारीक हाय."

"त्या टायमाला चेन नव्हती."

"मग हा दोरा घे. लई पक्का हाय, नायलॉनचा."

"नायलॉन पण नव्हतं त्या टायमाला."

"त्या टायमाला तू तरी कुठं व्हता?" हनुमान चिडायचा. "कोण येणार हाय बघायला? अमेरिकेतून साहेब येणार हाय का, गुंड्या मोजायला?"

"मला दिसतं ना," बद्री म्हणायचा.

पुढच्या वेळी तो जुन्या ट्यूबचं रबर घेऊन आला आणि दारातच थांबून त्यानं विचारलं, "रबर व्हतं का?" बद्री हसून म्हणाला, "रबर व्हतं. पण बुटाला कातडं पायजे." मग दोघं मिळून चांभाराकडं गेले आणि मूठभर कातरण घेऊन आले.

माझ्या अंगावर या घरातलं काय काय आहे ते सांगतो. सदरा त्रिंबकआबांच्या, म्हणजे बद्रीच्या वडलांच्या, विरलेल्या धोतराचा. नवा कपडा माझ्या मापाला जाड पडतो, त्याच्या घड्या खऱ्या दिसत नाहीत. बद्रीनं धोतराचा तुकडा चहात उकळला, दगडावर घासला, पुन्हा उकळला, तेव्हा कुठं त्याला वर्षभर रानात हिंडल्याचा रंग आला. टोपी घरच्या मेंढराच्या लोकरीची. गरम पाण्यात साबण लावून, वाटीवर चोळून चोळून ती लोकर त्यानं घट्ट बसवली. दोर घायपाताचा. तिकडचे मेक्सिकोचे गुराखी त्याच जातीच्या झाडाचा दोर वळायचे म्हणे. घोडा तारेचा आणि कागदाच्या लगद्याचा, पण त्याची शेपटी खरी आहे. आबांच्या तट्टाची.

आणि खोगिराखालचं कांबळं घोंगडीचं. ती घोंगडी बद्रीनं न विचारता कापली होती.

दिवाळीला दोघं भाऊ वस्तीवर गेले तेव्हा आबांनी घोंगडी अंगावर घेतली आणि कोपऱ्यातून पायाचा अंगठा बाहेर आला.

"उंदरानं खाल्ली का काय?"

हनुमाननं लगेच बोट दाखवलं. "तुमच्या थोरल्या उंदरानं."

आबांनी मला हातात घेतलं. फिरवून बघितलं, खोगीर उचलून खालचा तुकडा चाचपला. मला वाटलं, आता आपली काही खैर नाही.

"ह्यो करतो काय?"

"गुरं राखतो, आबा. हजार-हजार गुरं एका टायमाला."

"मग कुत्रं कुठंय ह्याचं?"

आबांनी मला परत दिलं. "कुत्र्याबगर गुराखी असतो व्हय? आधी कुत्रं कर. घोंगडीचं नंतर बघू."

बद्रीनं पुष्कळ फोटो हुडकले. तिकडं गुरं हाकताना कुत्रं कुणी फारसं ठेवत नव्हतं. पण आबांपुढं फोटो काय कामाचा? त्यानं आपला नियम तेवढ्यापुरता ढिला केला आणि तारेचा सांगाडा वळायला घेतला.

आता माझ्या चेहऱ्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

कारखान्यातला गुलाबी चेहरा बद्रीनं पहिल्याच दिवशी खरवडून काढला होता. कितीतरी महिने मी बिनचेहऱ्याचा होतो. एका सुटीच्या दुपारी त्यानं हनुमानला दाराजवळ उजेडात बसवलं आणि बारीक ब्रश घेऊन समोर बसला.

"हलू नको."

"नाक खाजतंय."

"खाजू दे. उन्हात बघितल्यावानी डोळे कर. थोडे बारीक. हां."

"माझंच थोबाड कशाला? तुझं लाव ना."

"माझं मला दिसत नाय," बद्री म्हणाला. "तुझं रोज दिसतं."

हनुमानच्या डाव्या भुवईत एक खाच आहे. लहानपणी मेंढ्यानं शिंग मारलं होतं, तिथं केस आले नाहीत. बद्रीनं ती खाचसुद्धा काढली. काम झाल्यावर त्यानं मला हनुमानच्या गालाशी धरलं, दोघांकडं बघितलं आणि ब्रश पुसून ठेवला. हनुमान आरशाकडं गेला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा आरशाकडं. "मी येवढा कडू दिसतो व्हय," असं म्हणाला. पण त्या दिवसापासून दुकानातून आल्यावर सगळ्यात आधी तो मला बघायचा.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस विचाराल तर वेरूळचा. लेण्यांच्या अलीकडं एक उघडा माळ आहे, काळे खडक आणि वाळलेलं गवत. दोघं मोटारसायकलवर मला आणि घोड्याला घेऊन गेले. बद्री पोटावर आडवा पडून मोबाईल रोखायचा. हनुमान उजेड पाडायला स्टीलचं ताट धरून उभा.

"आता धूळ उडव. मुरूम नको, बारीक घे."

हनुमाननं मूठभर धूळ हवेत फेकली. अर्धी माझ्यावर, अर्धी बद्रीच्या तोंडात. बद्री खोकत खोकत हसायला लागला, हनुमान ताट टाकून खाली बसला. रस्त्यानं टोपीवाली एक परदेशी बाई चालली होती, ती थांबून बघत राहिली. हनुमान म्हणाला, "दादा, आला तुझा अमेरिकेचा साहेब. दाखव गुंड्या." आणि दोघं पुन्हा सुटले.

त्या फोटोत मी खरा माणूस दिसतो. मागं धूळ, दूर डोंगर, आणि मी उन्हाकडं डोळे बारीक करून बघतोय. हनुमानचा मोबाईल उघडला की आजही आधी तोच फोटो दिसतो.

पुढच्या वर्षी गणपती उठले आणि बद्रीला ताप आला. दोन गोळ्या खाऊन तो कामावर गेला, संध्याकाळी लवकर आला आणि आडवा पडला. हनुमान त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. जाताना बद्रीनं टेबलाकडं बघितलं होतं. तिथं कुत्र्याचा सांगाडा होता, तीन पाय झालेले, चौथ्याची तार नुसती वर.

नंतर खोलीचं कुलूप उघडलं ते एकट्या हनुमाननं उघडलं. केस काढलेले होते. तो आत आला, खाली बसला आणि फळीकडं बघून म्हणाला, "गेला रं." कुणाला म्हणाला? खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आम्हालाच म्हणाला.

तेराव्यानंतर तो खोली रिकामी करायला आला. बाकीच्यांना त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरलं. मला आणि घोड्याला मात्र मांडीवर घेतलं. तीन पायांचं कुत्रं सदऱ्याच्या खिशात. कन्नडच्या एसटीत कंडक्टर तिकीट फाडताना सहज बोलला, "आन घोड्याचं?"

हनुमान एकदम उभा राहिला. त्याचा हात वर गेलेला मी बघितला. कंडक्टरनं त्याचं डोकं बघितलं आणि आवाज उतरवला. "बस, बाबा. बस. कोण गेलं?"

"भाऊ."

"थोरला?"

"व्हय."

कंडक्टर तिकीट त्याच्या हातात ठेवून पुढं गेला. वेरूळ आलं तेव्हा हनुमाननं खिडकीकडं पाठ केली. माझं तोंड मात्र खिडकीकडंच होतं. तो माळ मागं जाताना मी बघितला.

वस्तीवर म्हाळसाबाई, या दोघांची आई, ओसरीत बसली होती. हनुमाननं मला खाटेवर ठेवलं. तिनं माझ्याकडं बघितलं, बघतच राहिली, आणि हळूच उठून जवळ आली.

आता या घरची रीत सांगतो. घरातलं कुणी गेलं की सोनाराकडून चांदीचा टाक करून घेतात, बोटभर पत्रा, त्यावर गेलेल्या माणसाची आकृती. तो टाक देव्हाऱ्यात खंडोबाशेजारी बसतो आणि गेलेलं माणूस घरात परत येतं. गेलेला पुरुष असला तर टाकावर घोड्यावर बसलेला काढतात. यांच्या देव्हाऱ्यात असे आजे-पणजे ओळीनं बसलेत, सगळे घोड्यावर.

म्हाळसाबाईनं माझा घोडा बघितला, घोड्यावर मी, माझ्याखाली घरची घोंगडी, अंगावर घरचं धोतर. तोंडावर टोपीची सावली, आणि तिचे डोळे रडून सुजलेले.

"आवं, बघा," ती आबांना म्हणाली. "पोरानं आपला टाक आपणच करून ठेवला."

हनुमाननं तोंड उघडलं आणि मिटलं.

तिनं मला देव्हाऱ्यापुढं पाटावर बसवलं. रोज सकाळी दिवा, फूल, दुधाचा थेंब. आणि ती माझ्याशी बोलायची. "ताप उतरला का रं? डोकं दुखतंय का आजून?" मला उत्तर देता आलं असतं तर काय दिलं असतं, कोण जाणे. जो मी नव्हतोच, त्याच्या जागी मी बसलो होतो. पाटाएवढी अवघड जागा मी दुसरी बघितली नाही. गटार बरं.

माझ्यापुढं ताट यायचं, त्यात बद्रीच्या आवडीचं बेसन, ठेचा. हनुमानच्या ताटात काय पडतंय हे मात्र तिला दिसत नव्हतं. एकदा तिनं त्याला भाकरी वाढली आणि कालवण वाढायचं राहून गेलं. तो कोरडी भाकरी चावत राहिला, दोनदा तिच्याकडं बघितलं, आणि उठला. तिनं ताट उचललं, त्यात काय उरलंय तेही बघितलं नाही. पूर्वी तो आला की "हणम्या, आधी पाय धू" म्हणून ओरडायची. आता तो चिखलाच्या पायानं चुलीपर्यंत गेला तरी गप्प.

एके दिवशी तो तिला म्हणाला, "मी जातो, माय. ट्रकवर किलनर पायजे एकाला. गुजरात, राजस्थान, लांबची लाईन हाय."

"जा," ती म्हणाली. माझ्यापुढची वात सारखी करत म्हणाली.

मी त्याचा चेहरा बघितला. माझाच चेहरा तो, पण माझ्यावर असा कुणाला कधी रंगवता आला नसता.

जायचा दिवस रविवार होता, खंडोबाचा वार. हनुमाननं पिशवी भरली आणि मला घ्यायला देव्हाऱ्याकडं आला. त्याच्याआधी म्हाळसाबाईनं माझ्यावर भंडारा उधळला होता. टोपी, खांदा, छाती, सगळी हळद.

"हे काय केलं?"

"रविवार हाय. भंडारा वाहिला."

"ह्या कपड्यासाठी दादा किती दिवस राबला, ठावं हाय का तुला? चहात उकळून उकळून आणला व्हता रंग. वाटोळं केलं तू त्याचं."

"आरं, त्येचंच हाय ना त्ये. त्याला चालतंय."

हनुमाननं मला पाटावरून उपटलं, घोड्यासकट नव्हे, एकट्यालाच, आणि हौदाकडं पळाला. तिथं कपडे धुवायची वडी होती. त्यानं माझ्या खांद्यावर पाणी ओतलं आणि वडी घासली. जोरात घासली, जसा तो सगळं करतो.

आणि पिवळा डाग लाल झाला.

त्याचे हात थांबले. लाल पाणी माझ्या छातीवरून खाली आलं, त्याच्या बोटांवरून ओघळलं. गोळी लागल्यासारखा मी दिसत असणार. बद्रीनं ज्याच्या कमरेची पिस्तुलं काढून टाकली होती, त्यालाच.

"रगात," हनुमान पुटपुटला. हौदाच्या कडेला खाली बसला आणि मला पोटाशी धरून हुंदके द्यायला लागला. इतके दिवस तो असा रडला नव्हता. सगळ्यांना पाणी देत, पाहुण्यांना खाटा टाकत फिरला होता.

मागून म्हाळसाबाई आली. तिनं वडी बघितली, डाग बघितला.

"हळदीला साबण लावला व्हय?" ती म्हणाली. "आरं येड्या, साबण लागलं की हळद लाल व्हती. माझी लुगडी बघितली नाय का कधी?" तिनं मला त्याच्या हातातून घेतलं आणि पाण्यात खळबळलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. लाल उतरून पुन्हा पिवळं आलं. "उन्हात ठेव. हळद उन्हानंच जाती. दुसऱ्या कशानं नाय."

"माय," हनुमान खालूनच म्हणाला. "हा दादा नाय."

"आरं पण…"

"त्याची टोपी काढ. भुवई बघ."

तिनं ओली टोपी काढली. उन्हाकडं धरून माझा चेहरा बघितला, आणि अंगठा माझ्या डाव्या भुवईवरून फिरवला. तो अंगठा खाचेपाशी थांबला.

"हे मेंढ्यानं मारल्यालं," ती सावकाश म्हणाली. "तुला मारलं व्हतं. चुलीपुढं बसून हळद भरली व्हती मी."

"दादानं मला बसवून काढलं. त्याला त्याचं दिसत नव्हतं म्हणून माझं."

म्हाळसाबाईच्या हातातली टोपी खाली पडली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, मग त्याच्या खांद्याला लावलेल्या पिशवीकडं. "जित्या पोराला मी मेल्यांत बसवलं," ती म्हणाली. "जित्या पोरापुढं दिवा लावला मी." आणि ती घरात पळाली.

बाहेर आली तेव्हा मुठीत मीठ-मिरच्या होत्या. तिनं हनुमानवरून ओवाळल्या, डोक्यापासून पायापर्यंत, ओठ हलवत. मग माझ्यावरूनही ओवाळल्या.

आबा मेंढरं सोडून आले होते. "खेळण्याची पण दिष्ट काढती का?"

"तोंड एकच हाय," ती म्हणाली. "एकाची राहून गेली तर?"

चुलीत मिरच्या तडतडल्या. ती परत आली आणि हनुमानच्या समोर बसली. त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं, आणि बघितलं. टोपी काढून मला बघितलं होतं, अगदी तसं.

"लई वाळला रं," ती म्हणाली. "सकाळपासून काय खाल्लं?"

"काय नाय."

"आन कुठं निघाला व्हता? कुणाला इचारून?"

"तुला सांगितलं व्हतं. तू जा म्हणाली."

"मी कुठं म्हणाली?" ती म्हणाली. तिला खरंच आठवत नव्हतं. "पाय धू आधी. चिखलाचे पाय घेऊन बसलाय."

त्यानं पिशवी खांद्यावरून उतरवली.

बद्रीचा खरा टाक नंतर झाला. आबा आणि हनुमान कन्नडला सोनाराकडं गेले, आणि मलाही नेलं, नमुना म्हणून. सोनारानं पत्र्यावर घोडा ठोकला, घोड्यावर माणूस ठोकला, आणि नेहमीप्रमाणं हातात तलवार काढायला घेतली.

"तलवार नको," आबा म्हणाले. "आमच्या पोरानं कधी धरली नाय. दोर काढ."

"दोर?" सोनार म्हणाला. "असा टाक मी कधी केला नाय, आबा. चूक दिसंल."

"आम्हाला दिसतं ना," हनुमान म्हणाला. "काढ."

आता देव्हाऱ्यात बद्री बसलाय. बोटभर पत्र्यावर, इतका लहान की चेहरा असा नाहीच. पण आज्या-पणज्यांच्या तलवारींच्या ओळीत एकट्याच्या हातात दोर आहे. रविवारचा भंडारा त्याच्यावर पडतो आणि चांदीवर शोभतोही.

मी रोज कठड्यावर असतो. डाग पुष्कळ गेलाय, आता फिकट लिंबासारखा राहिलाय. चहाचा रंगही थोडा उडाला असेल, पण उन्हात राबणाऱ्याचा सदरा उडायचाच. बद्रीनं चालवून घेतलं असतं. शेजारी हनुमान बसतो, मांडीवर पक्कड आणि तार. कुत्र्याचा चौथा पाय त्यानं केला, जरा आखूड झालाय. कान आमच्या वस्तीवरच्या काळ्या कुत्र्यासारखे पडलेले आहेत. त्या सालात, त्या देशात असं कुत्रं नव्हतं. तो करताना मध्येच थांबतो आणि माझ्याकडं बघून विचारतो, "चालंल ना?"

माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. तुमच्याकडं कुणी असं काही करून ठेवून गेलं असेल, तर त्याला देव करू नका आणि खोक्यातही ठेवू नका. जवळ घेऊन बसा. अर्धं राहिलं असेल तर तुमच्या हातानं पुरं करा, वाकडं झालं तरी. आणि डाग पडला तर घासू नका. उन्हात ठेवा, थांबा.

ऊन आता माथ्यावर आलंय. आतून म्हाळसाबाईची हाक येते, "हणम्या, जेवायला ये." तो पक्कड ठेवून उठतो. मला उठता येत नाही. पण चेहरा एकच असल्यामुळं ती हाक रोज थोडी माझ्याही वाट्याला येते.